एक भागिले एकोणीस : नागपूरचे टंकलिखित आणि मूळ संख्यांची आवर्तने

१९६० साली एक टंकलिखित अमेरिकेहून भारतात परत आले. दोन वर्षांपूर्वी ते छपाईसाठी तिकडे ठेवले होते आणि मुद्रिते तपासायला लेखकाने स्वतः पुन्हा तिकडे जायचे असे ठरले होते. पण परत आल्यावर लेखकाची प्रकृती ढासळत गेली आणि २ फेब्रुवारी १९६० रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. हे लेखक म्हणजे पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ. पुढे १९६५ साली पुस्तक छापून निघाले, तेव्हा त्याचे संपादन बनारस हिंदू विद्यापीठातले वासुदेवशरण अग्रवाल यांनी केले होते. स्वामींचे चरित्र आणि टंकलिखिताच्या प्रवासाची हकीकत मात्र नागपूरहून लिहून आली होती. ती लिहिणाऱ्या मंजुला त्रिवेदी स्वामींच्या शिष्या आणि नागपूरच्या श्री विश्वपुनर्निर्माण संघाच्या सरचिटणीस होत्या. पुस्तकाचे नाव ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’.

साठ वर्षे या पुस्तकावर वाद चालू आहे आणि तो जवळजवळ सगळा नावातल्या पहिल्या शब्दावर आहे. समर्थक त्या शब्दासाठी पुस्तक डोक्यावर घेतात, विरोधक त्याच शब्दासाठी ते बाजूला सारतात. या ओढाताणीत पुस्तकाचे पहिलेच गणित कोणी नीट थांबून पाहत नाही. ते गणित म्हणजे १ भागिले १९. मूळ संख्येने एकाला भागले की दशांशचिन्हापुढे काय घडते, हा तो प्रश्न आहे. नागपूरच्या या टंकलिखितातून निघणारी वाट देवळालीच्या एका शाळामास्तरांपाशी जाते आणि तिथून आजच्या अतिप्रचंड मूळ संख्यांपर्यंत पोचते.

१९५३ साली स्वामींनी संघ स्थापन केला तेव्हाचे नागपूर आजच्यासारखे उपराजधानीचे शहर नव्हते. ते मध्य प्रदेश राज्याच्या राजधानीचे शहर होते. तिथे उच्च न्यायालय होते, १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ होते आणि संस्कृत विद्येची मोठी परंपरा होती. ताम्रपटांचे वाचन करणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी याच शहरातले. कायदेपंडित आणि संस्कृतज्ञ यांची इतकी दाट वस्ती असलेल्या गावात शंकराचार्यांच्या शब्दाला वजन असणारच. संघाच्या पदाधिकाऱ्यांची नावे पाहिली की ते कळते. अध्यक्ष भुवनेश्वर प्रसाद सिन्हा १९५१ ते १९५४ या काळात नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. उपाध्यक्ष चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण त्यांच्या सनदी नोकरीची उमेदीची वर्षे मध्य प्रांत-वऱ्हाडातच गेली होती. संघ गणितासाठी काढलेला नव्हता. जगाची आध्यात्मिक पुनर्रचना हे त्याचे ध्येय होते. गणित हा स्वामींचा जुना छंद त्या कार्याबरोबर चालत आला.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव वेंकटरमण. जन्म १८८४ सालचा, तिरुनेलवेलीकडच्या घराण्यातला. संस्कृतावर लहानपणापासून विलक्षण प्रभुत्व. काही काळ त्यांनी राजमहेंद्रीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले, मग शृंगेरीजवळच्या रानात काही वर्षे अध्ययन आणि साधना केली. १९१९ साली वाराणसीत संन्यास घेतला, १९२१ साली शारदा पीठावर आणि १९२५ साली पुरीच्या पीठावर आले. १९२१ साली कराचीत मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली यांच्यावर जो प्रसिद्ध खटला झाला, त्यात हे शंकराचार्यही आरोपी होते आणि निर्दोष सुटले. खिलाफतीच्या व्यासपीठावरून राजद्रोहाच्या आरोपाला सामोरा जाणारा मठाधीश आणि पाटीवर दशांश अपूर्णांक उलगडून दाखवणारा गणितप्रेमी ही एकच व्यक्ती होती, हे विसरता कामा नये.

हस्तलिखितांची कथा मंजुलाबाईंनी सांगितली आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार स्वामींनी सोळा सूत्रांवर सोळा खंड लिहिले होते आणि ते एका शिष्याच्या घरी ठेवले होते. तिथून ते गहाळ झाले आणि १९५६ साली त्यांचा नाद सोडावा लागला. सगळे स्मरणातून पुन्हा लिहीन, असे स्वामी म्हणाले. १९५७ साली, सत्तरी ओलांडलेली असताना आणि दृष्टी अधू झालेली असताना, त्यांनी सुमारे दीड महिन्यात प्रास्ताविक म्हणून एक खंड लिहून काढला. हेच ते टंकलिखित. ते घेऊन ते १९५८ साली लॉस एंजेलिसच्या सेल्फ रिअलायझेशन फेलोशिपच्या निमंत्रणावरून अमेरिकेला गेले. फेब्रुवारीत पासाडीनाच्या कॅल्टेक या विख्यात संस्थेत गणिताच्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटापुढे त्यांनी आपल्या रीती करूनही दाखवल्या.

त्यांनी दाखवलेले १ भागिले १९ आपण सावकाश करून पाहू.

शाळेत शिकवतात तसा भागाकार मांडला तर एकावर शून्य, दहा. एकोणीस जात नाही. आणखी एक शून्य, शंभर. पाचाने पंच्याण्णव, बाकी पाच. असे करत अठरा पायऱ्या उतरल्यावर पुन्हा बाकी १ येते आणि चक्र नव्याने सुरू होते. उत्तर : ०.०५२६३१५७८९४७३६८४२१, आणि हेच अठरा अंक पुन्हा पुन्हा, अखंड. स्वामी उलट्या टोकाने सुरुवात करतात. उजवीकडे सर्वांत शेवटी १ मांडा. त्याची दुप्पट २, ती डावीकडे. मग ४, मग ८. आठाची दुप्पट १६ : ६ मांडा, हातचा १. सहाची दुप्पट १२ अधिक हातचा १ म्हणजे १३ : ३ मांडा, हातचा १. मग ७. मग १४ : ४ मांडा, हातचा १. मग ९, मग १८ चे ८... असे करत दुपटीच्या पाढ्यावर हात चालता ठेवला की अठराव्या अंकाला शून्य येते, हातचा १ उरतो आणि त्या एकापासून पुन्हा तेच सुरू होते. या रीतीला त्यांनी ‘एकाधिक’ म्हटले. एकोणीसमध्ये नवाच्या आधीचा अंक १, त्यात एक मिळवून २, म्हणून दोनाने गुणायचे. एकोणतीससाठी तिनाने, आणि अठ्ठावीस अंकांचे चक्र एका ओळीत उतरते.

हे का चालते याचे कारण स्वच्छ आहे. त्या अठरा अंकांची संख्या घेतली आणि दुप्पट केली तर येते १०५२६३१५७८९४७३६८४२. म्हणजे शेवटचा १ उचलून पुढे ठेवला, बाकी सगळे अंक त्याच क्रमाने एकेक घर सरकले. प्रत्येक अंक आपल्या उजव्या शेजाऱ्याची हातच्यासकट दुप्पट असतो, तो यामुळेच. यामागची किल्ली एवढीच की २ आणि १० यांचा गुणाकार २०, आणि विसाला एकोणिसाने भागले की बाकी १ उरते. दहाने गुणणे म्हणजे भागाकारात एक पायरी पुढे जाणे असेल, तर दोनाने गुणणे म्हणजे एक पायरी मागे येणे. स्वामी चक्र उलटे फिरवतात. भागाकारापेक्षा गुणाकार सोपा, आणि दोनाने गुणणे तर सर्वांत सोपे.

आता त्या पहिल्या शब्दाकडे, ‘वैदिक’कडे. आपली सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातली आहेत, असा स्वामींचा दावा होता. लखनौ विद्यापीठातले भारतीय गणितेतिहासाचे मोठे अभ्यासक कृपाशंकर शुक्ल १९५० साली अथर्ववेदाच्या परिशिष्टांची छापील आवृत्ती घेऊन स्वामींना भेटले आणि ही सूत्रे यात कुठे आहेत ते दाखवा, अशी विनंती केली. ती आपल्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत, इतर कुठे नाहीत, असे उत्तर मिळाले. शुक्लांनी ही आठवण नंतर लिहून ठेवली आहे. संपादक अग्रवालांनीही प्रस्तावनेत हाच निर्वाळा दिला की या ग्रंथालाच एक नवे परिशिष्ट मानावे. १९९२ साली उत्तर प्रदेशात शालेय पाठ्यपुस्तकांत या रीती आल्या, त्यानंतर १९९३ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती श्रीकृष्ण दाणी यांनी या दाव्याची सविस्तर चिकित्सा केली. मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते. दशांशचिन्ह लावून अपूर्णांक लिहिण्याची पद्धत वेदकाळात नव्हती. जी पद्धतच नव्हती तिची आवर्तने काढण्याची सूत्रे तेव्हा असू शकत नाहीत.

मात्र या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. दहाला कशाने गुणले म्हणजे एकोणिसाने भागल्यावर बाकी १ उरेल, हा प्रश्न भारतीय गणिताला चांगलाच ओळखीचा आहे. तो कुट्टक. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये तो मांडला, ब्रह्मगुप्ताने विस्तारला आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त शिकवला. स्वामींचे ‘एकाधिक’ म्हणजे एका कुट्टकाचे उत्तर आहे. खरी, तारखेनिशी सांगता येणारी परंपरा हाताशी असताना वेदांपर्यंत मागे जायची गरज नव्हती. योगायोग असा की याच भास्कराचार्यांना इंग्रजीत नेणारा हेन्री टॉमस कोलब्रुक नागपुरात राहून गेला होता. १७९९ ते १८०१ या काळात तो ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी होता. राजकारणात त्याच्या हाती फारसे लागले नाही, पण संस्कृतचा अभ्यास चालू राहिला आणि १८१७ साली ब्रह्मगुप्त व भास्कर यांच्या गणिताचे त्याचे भाषांतर लंडनला प्रसिद्ध झाले. युरोपने कुट्टक प्रथम नीट वाचला तो त्या ग्रंथात.

ज्या १८०१ साली कोलब्रुक नागपूरहून परतला, त्याच साली जर्मनीत चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउसचा ‘डिस्क्विझिशियोनेस अरिथमेटिके’ हा ग्रंथ निघाला. त्यात आवर्ती दशांशांवर स्वतंत्र विवेचन आहे आणि शेवटी कोष्टक आहे. पोरवयातच गाउसने हजारापर्यंतच्या मूळ संख्यांची आवर्तने हाताने काढली होती. ज्या मुलाला पुढे मोठमोठे सिद्धांत सुचायचे होते त्याने आधी शेकडो भागाकार केले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाउसच्या ग्रंथाने या खेळाला शिस्त दिली. मूळ संख्या प घेतली, ती २ किंवा ५ नसली, तर आवर्तनाची लांबी प वजा १ ला निःशेष भागते. एकोणिसाची लांबी अठरा, म्हणजे शक्य तेवढी सर्व. तेरासाठी ती बाराऐवजी सहाच आहे : १/१३ चे चक्र ०७६९२३, तर २/१३ चे १५३८४६, अशी दोन वेगळी चक्रे होतात आणि बारा बाक्या त्यांत निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. एकोणिसाच्या बाबतीत मात्र १ ते १८ या सगळ्या बाक्या एकाच चक्रात गुंफलेल्या असतात. म्हणून ७/१९ काय किंवा १३/१९ काय, अंक तेच, सुरुवात फक्त वेगळी.

स्वामींच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : निम्मेच अंक काढा, उरलेले नवातून वजा करून मिळतील. एकोणिसाचे पहिले नऊ अंक ०५२६३१५७८ आणि पुढचे नऊ ९४७३६८४२१, बेरीज नऊ नवांची रांग, ९९९९९९९९९. हा गुण १८३६ साली फ्रान्समधल्या नान्त शहरात मिडी नावाच्या गणितीने एका छोट्या पुस्तिकेत मांडला होता. कारण असे की लांबी सम असेल तर अर्ध्या वाटेवर बाकी नेमकी प वजा १ उरते, म्हणजे सुरुवातीच्या एकाची पूरक. आणि तिथून पुढचा प्रत्येक अंक आधीच्या अंकाचा नवातला पूरक होतो. यावरूनच स्वामींनी संस्कृत पद्यात, अक्षरांना अंक देण्याच्या कटपयादी पद्धतीने, सतराच्या चक्राची सोळा अंकांची किल्ली आठ अंकांत बसवली : ०५८८२३५३ ला आठ नवांनी गुणले की ०५८८२३५२९४११७६४७ येते. सातासाठी १४३ गुणिले ९९९. पावकी, निमकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ करून घेणाऱ्या शाळांत ज्यांचे बालपण गेले त्या पिढीला ही पाठांतराची कला परकी वाटली नसेल.

नागपूरहून पश्चिमेला, नाशिकजवळच्या देवळालीत, त्याच वर्षांत दुसरे एक गृहस्थ याच चक्रांत रमले होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनचे विद्यार्थी; १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिकाचे मानकरी. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक. मराठी वाचकांना ते ‘गणितानंद’ म्हणून आणि ६१७४ या त्यांच्या स्थिरांकासाठी माहीत आहेत. पण १९५० साली त्यांनी स्वतः प्रकाशित केलेली एक पुस्तिका फारशी कोणाच्या लक्षात नाही. तिचा विषयच आवर्ती दशांशांची चक्रे, ३ पासून १६१ पर्यंतच्या आणि आणखी काही संख्यांची. ना विद्यापीठाचे अनुदान, ना नामांकित प्रकाशक. शिक्षकाच्या पगारातून छापलेली ती कोष्टके परदेशातल्या गणिती कोष्टकांच्या नियतकालिकापर्यंत पोचली आणि तिथे त्यांची नोंद झाली. कापरेकरांनी आपल्या कामाला कोणत्याही प्राचीनतेचा आधार मागितला नाही. अंक समोर मांडले आणि बघा म्हणाले. नागपूरचे पुस्तक घरोघर गेले आणि देवळालीचे विस्मरणात गेले, याचे मला दुःख होते. दोघांना एकच सौंदर्य दिसले होते.

दोघांच्या वाटा एका संख्येत अक्षरशः एकत्र येतात. १४२८५७, सातचे चक्र. कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत मिळते : ४५ चा वर्ग २०२५, वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस. आता १४२८५७ चा वर्ग करा : २०४०८१२२४४९. तुकडे करा : २०४०८ आणि १२२४४९. बेरीज १४२८५७. यात योगायोग नाही. २००० साली डग्लस इयानुची यांनी दाखवले की कापरेकर संख्या आणि नुसत्या नवांनी बनलेल्या संख्यांचे अवयव यांचे नाते घट्ट आहे, आणि सातचे चक्र जन्मते तेच मुळी सहा नवांना सातने भागून.

नवांच्या या रांगा, किंवा त्यांना नऊने भागून मिळणाऱ्या एकांच्या रांगा, आपल्याला मोठ्या मूळ संख्यांकडे नेतात. मूळ संख्येच्या चक्राची लांबी ‘न’ असेल, तर ती मूळ संख्या ‘न’ नवांच्या रांगेला निःशेष भागते, आणि त्याहून आखूड रांगेला भागत नाही. म्हणून एकांच्या रांगेचे अवयव पाडणे आणि ठरावीक लांबीचे चक्र असलेल्या मूळ संख्या शोधणे हे एकच काम आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. सदतिसाचे चक्र तीन अंकी, ०२७. पाच एकांचे अवयव ४१ आणि २७१, दोघांचीही चक्रे पाच अंकी. सात एकांचे २३९ आणि ४६४९. या एकांच्या रांगांशी कापरेकरांची जुनी दोस्ती होती. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा जिन्यासारख्या चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी डोंबिवली स्टेशनावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले आणि १९३८ साली त्यांवर लेखन प्रसिद्ध केले.

एकांची रांग स्वतःच मूळ असेल तर? ११ मूळ आहे हे उघड. त्यानंतर थेट एकोणीस एकांची रांग मूळ निघते. हे १९१८ साली ऑस्कर होपे यांनी सिद्ध केले. मग तेवीस एकांची, १९२९-३० च्या सुमारास, बेल्जियमचे क्रेचिक आणि अमेरिकेचे लेहमर यांच्या हातून. पुढचा टप्पा ३१७ एकांचा. तो ह्यू विल्यम्स यांनी सत्तरच्या दशकात संगणकाच्या साहाय्याने गाठला. मग १०३१ एकांची रांग, विल्यम्स आणि हार्वी डब्नर यांनी ऐंशीच्या दशकात. ४९,०८१ एकांची रांग मूळ असावी असे १९९९ पासून दिसत होते, पण पूर्ण पुरावा २०२२ साली मिळाला. ८६,४५३ एकांचा २०२३ साली. ‘बहुधा मूळ’ आणि ‘मूळच’ यांच्यामध्ये वीसेक वर्षे गेली.

एकोणीस एकांच्या त्या मूळ संख्येने १ ला भागले तर दशांशचिन्हापुढे अठरा शून्ये आणि मग एक ९ येतो, आणि हेच पुढे पुन्हा पुन्हा. एकोणीस अंकी चक्र असलेली दुसरी मूळ संख्या अख्ख्या विश्वात नाही. अशा संख्येला सॅम्युएल येट्स यांनी अनन्य मूळ संख्या असे स्वतंत्र स्थान दिले. ३, ११, ३७, १०१ या तिच्या लहान बहिणी.

दहाऐवजी दोन हा पाया घेतला तर चित्र आणखी भव्य होते. दोनाच्या पद्धतीत एकांची रांग म्हणजे मर्सेन संख्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली, आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या याच जातीची आहे : दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक. नेहमीच्या पद्धतीने लिहायची तर ४,१०,२४,३२० अंक लागतात. दोनाच्या पद्धतीत ती केवळ १३,६२,७९,८४१ एक ओळीने, आणि तिने १ ला भागले तर त्या पद्धतीतले चक्रही नेमके तेवढ्याच अंकांचे. पण दहाच्या पद्धतीत तिचे चक्र किती लांब, हे सांगायला तिच्यातून एक वजा करून उरणाऱ्या संख्येचे सर्व अवयव हाताशी हवेत, आणि ते आजच्या साधनांच्या आवाक्याबाहेर आहे. मूळ म्हणून पक्की ओळख पटलेली संख्या, आणि तिच्या दशांशाचा घेर अज्ञात.

चक्राची लांबी हा नुसता मजेचा भाग नाही. तो पुरावाही होऊ शकतो. स्वामींच्या पुस्तकात १९ आणि २९ बरोबर ४९ चेही उदाहरण आहे. पाचाने गुणत गेले की १/४९ चे चक्र ४२ अंकांत पुरे होते. ४८ होत नाहीत. ४८ कधी होणारच नाहीत, कारण ४९ मूळ नाही. एखाद्या संख्येचे चक्र तिच्याहून नेमके एकाने कमी असेल तर ती संख्या मूळच असली पाहिजे. १८७० च्या दशकात फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी हा विचार मूळपणाची कसोटी म्हणून मांडला आणि विसाव्या शतकात लेहमर यांनी तो धारदार केला. चक्राची लांबी नुसती भागते एवढ्याने मात्र भागत नाही : ९१ चे चक्र सहा अंकी आहे, सहाने ९० ला पूर्ण भाग जातो, तरी ९१ म्हणजे ७ गुणिले १३. अशा फसव्या संख्या ओळखणे हा मोठ्या संख्यांच्या पारखीतला कळीचा प्रश्न आहे.

एकाधिकाच्या रीतीची मर्यादाही इथे सांगितली पाहिजे. ६१ घ्या. शेवटी नऊ आणण्यासाठी त्याला नवाने गुणून ५४९ करावे लागतात, आणि मग प्रत्येक पायरीला ५५ ने गुणायचे. पाटीवर बसून केलेला साधा भागाकार त्यापेक्षा बरा. पण ६१ चे चक्र काढायची चिकाटी ज्याने दाखवली त्याला बक्षीस मिळते : साठ अंकांच्या त्या चक्रात शून्यापासून नवापर्यंतचा प्रत्येक अंक बरोबर सहा वेळा येतो. पूर्ण लांबीचे चक्र असलेल्या आणि एकाने संपणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येत अंकांची अशीच समान वाटणी असते.

शंभराच्या आत २५ मूळ संख्या आहेत. त्यांतल्या पूर्ण चक्राच्या नऊ : ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. १८७४ साली विल्यम शँक्स यांनी वीस हजारांपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येच्या चक्राची लांबी प्रसिद्ध केली. पायची ७०७ दशांशस्थळे हाताने काढणारे ते हेच शँक्स. पूर्ण चक्राच्या संख्या पुढेही भेटत राहतात. त्या संपतच नाहीत का? १९२७ साली एमिल आर्टिन यांनी अंदाज मांडला की त्या अनंत आहेत, आणि एकूण मूळ संख्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ३७.४ टक्के असावे. १९६७ साली क्रिस्टोफर हूली यांनी हे सिद्ध केले, पण रीमानच्या व्यापक गृहीतकाचा आधार घेऊन. आणि ते गृहीतक स्वतःच असिद्ध आहे. कोणताही आधार न घेता पहिले मोठे पाऊल १९८४ साली राजीव गुप्ता आणि राम मूर्ती या भारतीय वंशाच्या दोन गणितींनी कॅनडातून टाकले : तेरा ठरावीक पायांपैकी निदान एकासाठी तरी अंदाज खरा आहे. दोन वर्षांनी रॉजर हीथ-ब्राउन यांनी ते २, ३ आणि ५ या तिघांपैकी निदान एकावर आणले. पण नेमका कोणता, हे कोणी दाखवू शकलेले नाही. आणि आपल्या नेहमीच्या दहासाठी, ज्यावर गाउसचे कोष्टक, कापरेकरांची पुस्तिका आणि नागपूरचे टंकलिखित तिन्ही उभे आहेत, एकोणिसासारख्या मूळ संख्या अनंत आहेत हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही.